कोल्हापुरास सांपडलेला रोमी समुद्रदेव



ह्या पाठासाठीं पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय व प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय आधीं वाचून घ्यावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस उपदेशकांनीं ते सावकाश वाचून दाखवावे, आणि मग पुढील हकीकत सांगावी.

मागल्या वर्षीं पेरणीच्या आधीं माझ्या देखरेखीखालील एका लहान मंडळींतील शेतकरी भाऊ रात्रीं दिवा घेऊन माझ्या दारीं आला. त्यानें पंचाची गांठ सोडून एक लहानशी धातूची मूर्ति माझ्यापुढें ठेविली. अंगावर हिरवा गंज चढलेला, नाकडोळे झिजलेले. नांगरतांना ती फाळास लागली होती. तो म्हणाला, "पाळकसाहेब, हिचें मीं काय करावें तें सांगा. घरची म्हणते, होती तेथेंच परत पुरा, नाहीं तर घरावर कांहीं तरी अरिष्ट येईल. थोरला मुलगा म्हणतो, आपण ख्रिस्ती झालों, आतां दगडावर ठेवून हिचा चुरा करूं. आणि बाजारांतला मोड घेणारा म्हणतो, मला द्या, कोणास बोलूं नका, चांगले पैसे देतों."

एक मूर्ति, आणि तिच्याभोंवतीं तीन गोष्टी उभ्या राहिल्या: भय, तिरस्कार आणि लोभ. मीं त्यास सकाळपर्यंत थांबावयास सांगितलें. पूर्वीं एकदां अशाच प्रसंगीं मीं घाईनें उत्तर दिलें होतें, आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही होतो. ती गोष्ट शेवटीं सांगेन. त्या रात्रीं मला आपल्याच प्रांतांत सांपडलेल्या दुसऱ्या एका मूर्तीची आठवण झाली. आजचा पाठ तिजविषयीं आहे.

१. ती मूर्ति कोठें सांपडली

कोल्हापूर शहराच्या वायव्येस पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाचें उंचवट्याचें ठिकाण आहे. दुसरें महायुद्ध संपत आलें त्या सुमारास तेथील मातींतून धातूच्या पुष्कळ जुन्या वस्तूंचा एक साठा निघाला. राजाराम कॉलेजांतील प्राध्यापक कुंदणगार ह्यांनीं त्याकडे लक्ष दिलें, म्हणून विद्वान लोक त्यास अद्यापि त्यांच्याच नांवानें ओळखतात. पुढें १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या वतीनें हसमुख सांकळिया व मोरेश्वर दीक्षित ह्यांनीं त्या जागीं रीतसर उत्खनन केलें, आणि त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. खालच्या थरांत सातवाहन राजांच्या काळची, म्हणजे सुमारें अठराशें ते दोन हजार वर्षांपूर्वींची वस्ती लागली.

त्या साठ्यांत आपल्याकडील कारागिरांनीं घडविलेल्या वस्तु होत्या. हत्ती व त्यावर बसलेले स्वार हें त्यांतील एक सुंदर काम होय. परंतु कांहीं वस्तु परक्या होत्या. मद्य ओतावयाची कांशाची झारी, धातूचा आरसा, ग्रीक पुराणांतील पर्सियस व अँड्रोमेडा ह्यांचें उठावाचें चित्र असलेली एक चकती, आणि वीतभरही उंच नसलेली एका देवाची मूर्ति. तो देव म्हणजे ग्रीक लोकांचा पोसायडन, ज्यास रोमी लोक नेपच्यून म्हणत. तो समुद्राचा, भूकंपाचा व घोड्यांचा स्वामी मानला जाई. मूर्ति दाढी असलेल्या, सुदृढ, विवस्त्र पुरुषाची आहे. एक हात वर उचललेला आहे. त्या हातांत एके काळीं त्रिशूळ होता, तो आतां नाहीं. त्रिशूळ म्हटला कीं आपल्या लोकांस शंकर आठवतो. परंतु ह्या देवाचा त्रिशूळ म्हणजे कोळी लोक मासा भोंसकण्यास वापरतात तसा तीन टोकांचा भाला होय. ही मूर्ति कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयाच्या मालकीची आहे.

२. ती इतक्या दूर कशी आली

आपल्या प्रभूच्या जन्माच्या सुमारास रोमी राज्य व हिंदुस्थान ह्यांच्यामध्यें मोठा व्यापार चालत असे. मिसर देशाच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून गलबतें उन्हाळ्याच्या भरांत निघत, आणि नैऋत्येचा मोसमी वारा शिडांत भरून घेऊन आपल्या किनाऱ्यास लागत. हिंवाळ्यांत वारा उलटला कीं तीं परत जात. स्ट्रॅबो नांवाचा भूगोलकार सांगतो कीं, त्याच्या वेळीं एकाच बंदरांतून १२० गलबतें हिंदुस्थानाकडे जात. पुढें प्लिनीनें तक्रार केली आहे कीं, ह्या व्यापारापायीं दर वर्षीं निदान पांच कोटी सेस्टर्स नाणीं हिंदुस्थान गिळून टाकतो.

त्याच शतकांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें समुद्रप्रवासाचें पुस्तक आजही उपलब्ध आहे. त्यांत भडोच, सोपारें, कल्याण व चौल हीं बंदरें, आणि पैठण व तेर हीं आंतील शहरें ओळखतां येतात. पैठण व तेर येथून माल गाड्यांत भरून कठीण वाटांनीं भडोचेस नेत असत. बाहेरून मद्य, तांबें, कथील व शिसें येई. येथून कापड, मिरीं व मौल्यवान खडे जात. अशाच मालाबरोबर झारी व आरसा घाट चढून वर आले, आणि त्यांच्याबरोबर समुद्रदेवही आला. समुद्राचा तो स्वामी शेवटीं समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे, एका नदीकांठच्या मातींत भांड्यांच्या शेजारीं निजला!

३. ती कशी घडली

कांसें म्हणजे तांबें व कथील ह्यांचा मिलाफ; रोमी ओतारी त्यांत पुष्कळदां शिसेंही घालीत, म्हणजे रस सहज वाहतो. अशी लहान मूर्ति करावयाची रीत पुढीलप्रमाणें असे. कारागीर प्रथम मेणाची मूर्ति घडवी. तिच्यावर मऊ चिकणमातीचा व मग जाड मातीचा लेप देई, आणि मेण बाहेर पडावयास वाट ठेवी. माती भाजली कीं मेण वितळून वाहून जाई व आंत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरे. तींत कांशाचा रस ओतीत. निवाल्यावर मातीचा सांचा फोडीत, आणि मग कानशीनें व छिन्नीनें केस, डोळे, दाढी साफ करीत. हातांतील शस्त्र बहुधा निराळें ओतून बसवीत. म्हणूनच अशा मूर्तींचे हात पुष्कळदां रिकामे सांपडतात. आपल्या देशांतील कित्येक ओतारी आजही ह्याच रीतीनें काम करितात.

ही माहिती मीं मुद्दाम विस्तारानें दिली आहे. आपल्यांपैकीं कित्येक जण यशया संदेष्ट्याचा चवेचाळीसावा अध्याय वाचून मूर्ति करणाऱ्याची थट्टा करितात. संदेष्ट्याचें म्हणणें खरें आहे. पण कारागिराच्या हातचें कसब खोटें नाहीं. निवासमंडपासाठीं सोनें, रुपें व पितळ घडविणाऱ्या बसालेलास तें कसब देवानेंच दिलें, असें निर्गमाच्या पुस्तकांत आहे. म्हणून मूर्तीपुढें नमन करूं नये हें जितकें खरें, तितकेंच तिच्यांतील कसबास हंसूं नये हेंही खरें.

४. रोमी घरांतील देव्हारा

अशा लहान मूर्ति रोमी लोकांच्या घरोघरीं असत. इटलींतील पाँपेई शहर इ. स. ७९ सालीं ज्वालामुखीच्या राखेखालीं पुरलें गेलें, त्यामुळें तेथील घरें जशींच्या तशीं राहिलीं. पुष्कळ घरांच्या भिंतींत देव्हाऱ्यासारखे कोनाडे निघाले, आणि कित्येकांत कांशाच्या मूर्तीही मिळाल्या. लारेस म्हणजे घराचे रक्षक. पेनातेस म्हणजे कोठीच्या धान्याचे राखणदार. त्यांच्या जोडीस त्या घराण्यास जो आवडे तो देव ठेवीत. त्यांस धूप, थोडें मद्य, जेवणांतील घांस देत. ठराविक दिवशीं चुलीस हार घालीत. नवी नवरी घरांत येतांना ह्या देवांस एक नाणें वाही. मुलगा वयांत आला म्हणजे लहानपणीं गळ्यांत बांधलेला ताईत काढून त्यांच्यापुढें ठेवी. घरचा धनी हें सर्व करी, आणि दासदासींसही त्यांत उभें राहावें लागे.

रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायांत पौलानें अरिस्तबूलाच्या व नार्किसाच्या घरच्या माणसांस सलाम सांगितला आहे. हे बहुधा त्या थोर घरांतील दास होते. त्यांच्या धन्याच्या घरीं असा देव्हारा असणारच. देव्हाऱ्यावरून रोज जावयाचें, त्यापुढील कोनाडा कदाचित् झाडावयाचाही, आणि मन मात्र ख्रिस्तास द्यावयाचें! आपल्यांपैकीं ज्या सुना, जीं मुलें, जे गडी अशा घरांत राहतात, त्यांनीं आपण एकटे आहों असें मानूं नये. रोमच्या पहिल्या मंडळींतील कित्येक जण ह्याच वाटेनें चालले.

५. समुद्रदेवाच्या शेजारची मंडळी

आतां आपल्या समुद्रदेवाकडे वळूं. त्याचें एक मोठें व प्रसिद्ध देवस्थान करिंथापासून कांहीं कोसांवर इस्थमिया येथें होतें. तेथील देवळाचा पाया १९५२ सालीं शिकागो विद्यापीठाचे ऑस्कर ब्रोनियर ह्यांनीं शोधून काढला. तेथें दर दोन वर्षांनीं पोसायडनाच्या नांवानें शर्यतींची मोठी जत्रा भरे, आणि जिंकणाऱ्यास पाल्याचा मुगूट मिळे. पौल करिंथास इ. स. ५१ च्या सुमारास दीड वर्ष राहिला. शर्यतींत धांवणारे नाशवंत मुगुटासाठीं धडपडतात असें तो त्याच पत्राच्या नवव्या अध्यायांत लिहितो, तेव्हां त्याच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें ही समुद्रदेवाची जत्राच उभी राहिली असेल.

करिंथाचें पूर्वेकडील बंदर किंख्रिया. पौलानंतर सुमारें शंभर वर्षांनीं पाउसानियस नांवाच्या प्रवाशानें तेथें समुद्रांत गेलेल्या धक्क्यावर पोसायडनाची कांशाची मूर्ति असल्याचें लिहून ठेविलें आहे. ह्याच बंदरांतील मंडळीची सेविका फीबी होती. जहाजें येत होतीं, खलाशी समुद्रदेवास नवस बोलत होते, आणि त्याच गांवीं एक बाई येणाऱ्याजाणाऱ्या पुष्कळांस मदत करून ख्रिस्ताची सेवा करीत होती. तिनें देवळें मोडल्याचें पौल सांगत नाहीं. ती पुष्कळांस साहाय्य करणारी झाली, एवढेंच तो सांगतो.

अशा शहरांतील नव्या विश्वासणाऱ्यांनीं पौलास विचारिलें कीं, मूर्तींस दाखविलेला नैवेद्य खावा कीं नाहीं. त्याचें उत्तर दोन भागांचें आहे, आणि ते दोन्ही भाग एकत्र धरले पाहिजेत. आठव्या अध्यायांत तो म्हणतो कीं, मूर्ति म्हणजे कांहींच नाहीं, कारण देव एकच आहे. परंतु दहाव्या अध्यायांत तो बजावतो कीं, प्रभूच्या मेजाचे व भुतांच्या मेजाचे असे दोन्हींकडील भागीदार होऊं नका. ह्यांत विरोध नाहीं. धातु कांहीं नाहीं. नमन मात्र कांहीं तरी आहे. ब्रह्मपुरीची मूर्तिच पाहा. समुद्रापलीकडे तिच्या नांवानें जत्रा भरत. पंचगंगेच्या कांठीं ती झारीआरशाबरोबरची एक वस्तु होऊन राहिली. धातु तीच, आकार तोच. उणें झालें तें माणसाचें वांकलेलें मन. म्हणून भिणाऱ्यास सांगावें कीं, धातूस भिऊं नको. आणि निर्धास्त असणाऱ्यास सांगावें कीं, आपलें मन कोठें वांकतें तें पाहा.

तथापि पौल आणखी एक गोष्ट सांगतो. ज्यास हें ज्ञान झालें आहे त्यानें त्याच्या बळावर दुर्बळ भावाचें मन दुखवूं नये. ज्ञान माणसास फुगवितें. बांधणी प्रीति करिते.

६. इफिसच्या चिटणीसाची साक्ष

इफिस शहरांत देमेत्रिय सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करून पोट भरीत असे. धंदा बुडेल ह्या भीतीनें त्यानें दंगा उठविला. तेव्हां शहराच्या चिटणीसानें लोकांस शांत केलें. तो ख्रिस्ती नव्हता. तरी त्यानें पौलाच्या सोबत्यांविषयीं भर सभेंत साक्ष दिली कीं, हे देवळें लुटणारे नव्हत, आणि आपल्या देवीची निंदा करणारेही नव्हत. पौलानें तेथें तीन वर्षें निर्भयपणें उपदेश केला होता. हातांनीं केलेले ते देव नव्हत, असें तो उघड सांगे. तरी त्याच्या तोंडीं शिवी नव्हती व हातांत घण नव्हता. आपल्या गांवच्या पाटलास, तलाठ्यास, शेजाऱ्यास आपल्याविषयीं अशी साक्ष देतां येईल काय?

ह्याच्या उलट एक गोष्ट इतिहासांत आहे. पुढें रोमचे बादशहा ख्रिस्ती झाले, आणि इ. स. ३९२ सालीं थिओडोसियस बादशहानें कायदा केला कीं, कोणीं घरांतही लारेसपुढें अग्नि पेटवूं नये व पेनातेसपुढें धूप जाळूं नये. आज्ञेनें देव्हारा रिकामा करितां येतो. पण आज्ञेनें मन भरतां येत नाहीं.

७. माझी चूक

आतां मीं आरंभीं म्हटलेली गोष्ट सांगतों. सेवेच्या पहिल्या वर्षीं एका घरांतील मुलगा व सून ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची म्हातारी आई मात्र तयार नव्हती. देव्हाऱ्यांत तिच्या सासूच्या हातचे टाक होते. "ते मी मरेपर्यंत राहूं द्या," इतकेंच ती म्हणत होती. मला तें दुर्बळपणाचें वाटलें. त्याच संध्याकाळीं मीं ते टाक फडक्यांत बांधून घेतले आणि स्वतः नदीच्या डोहांत टाकिले. म्हातारी कांठावर उभी होती. ती रडली नाहीं, शिव्याही दिल्या नाहींत. ती चार वर्षें जगली. त्या चार वर्षांत मी त्या घरीं पुष्कळदां गेलों; दर वेळीं ती उठून मागल्या दारीं गेली. ख्रिस्ताच्या प्रीतीविषयीं माझ्या तोंडून एक शब्दही तिनें ऐकला नाहीं. त्या संध्याकाळीं मी पौलाचा शिष्य नव्हतों, थिओडोसियसाचा होतों. टाक पितळेचे होते, कांहीं नव्हते. पण त्या बाईचें मन कांहीं तरी होतें, आणि तें मीं डोहांत टाकिलें.

८. शेतकरी भावास दिलेलें उत्तर

म्हणून सकाळीं मी त्या शेतकरी भावाबरोबर त्याच्या घरीं गेलों. त्याच्या बायकोस मी हंसलों नाहीं. तिच्यासमोर मूर्ति हातांत घेतली, तिची माती पुसली, आणि मेणाची व कांशाची सारी हकीकत तिला सांगितली. मग आम्हीं प्रार्थना केली. तिचें भय सारें गेलें असें मी म्हणत नाहीं, पण मूर्ति त्या दिवशीं घरांत राहूं देण्यास ती कबूल झाली. थोरल्यास इफिसच्या चिटणीसाची गोष्ट वाचावयास दिली. तोंवर बातमी पसरून शेजारच्या बाया हळदकुंकू घेऊन आल्या. तो भाऊ बाजूस सरला. त्यानें हात जोडले नाहींत, आणि कोणास अडविलेंही नाहीं. कोणाचें भांडण झालें नाहीं.

राहिला मोड घेणारा. त्यास काय सांगावें ह्याचें उत्तर कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. तेथें पौल लोभास मूर्तिपूजेचेंच नांव देतो. जो घरांतील मूर्ति टाकून देतो आणि शेतांतील मूर्ति चोरून विकतो, त्यानें देव्हारा बदलला एवढेंच. शिवाय कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीची पुरलेली वस्तु सांपडली तर कलेक्टरास लेखी कळवावें लागतें. सरकारनें ती ठेवून घेतल्यास मोबदल्याची तरतूद आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून पुरातन वस्तूंचा व्यापार करितां येत नाहीं. आणि तिसरें कारण असें कीं, अशी वस्तु साक्षीदार असते. ब्रह्मपुरीची मूर्ति मोडींत वितळली असती, तर आपल्या घाटमाथ्यावर रोमचा माल येत होता ही तिची साक्ष कायमची बुडाली असती. म्हणून कोणती वस्तु कोणत्या शेतांत, किती खोल, कशाच्या शेजारीं मिळाली हें लिहून ठेवावें, तिला घांसूंपुसूं नये, आणि रीतसर कळवावें. मूर्तीवरील माती मीं पुसली तीही चूकच होती, असें मला मागाहून एका जाणत्या गृहस्थांनीं सांगितलें.

आम्ही दोघे तलाठ्याकडे गेलों, अर्ज लिहिला, पंचनामा झाला आणि पावती मिळाली. ती पावती त्या भावानें आपल्या बायबलांत ठेविली आहे. परत येतांना तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, भ्यालों नाहीं, फोडली नाहीं, विकली नाहीं. मग मीं केलें तरी काय?" मीं म्हटलें, "दादा, तुम्हीं खरेपणा केला."

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. समुद्रापलीकडे जो देव होता, तो ब्रह्मपुरींत केवळ वस्तु कां झाला?
२. पौल मूर्तीस कांहींच नाहीं म्हणतो, तरी मूर्तीच्या मेजापासून दूर राहावयास कां सांगतो?
३. इफिसच्या चिटणीसासारखी साक्ष आपले शेजारी आपल्याविषयीं देतील काय? नसल्यास कां?
४. भय, तिरस्कार व लोभ ह्यांपैकीं आपल्या घरांत कोणाचा देव्हारा आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें देण्याची गरज नाहीं. घरीं जाऊन प्रभूस द्यावें.